काळा चिखल, पिवळी वाळू

जर्मन सरहद्दीलगतच्या आमच्या वेनस्खान्स गावाचं विमानातून काढलेलं एक पोस्टकार्ड आहे. पाच टोकांची चांदणी, भोवती खंदकाचं पाणी, मधे चौक आणि चौकात लिंडेनची झाडं. पाहुणे ते कार्ड हातात घेतात, जरा तिरकं धरून बघतात आणि विचारतात, "हे पाचवं टोक असं बोथट का हो?"

मी हिल्का. गेली कित्येक वर्षं या किल्ल्याच्या संग्रहालयात वाटाडी आहे. त्याआधी इथल्याच कचेरीत टंकलेखन करायचे, आणि जन्मही इथलाच. दुपारी दोनच्या फेरीला मी पुस्तकात छापलंय तेच सांगते: जुन्या काळच्या बांधकाम अधिकाऱ्याने बाहेरच्या पहारेकऱ्याच्या घराला जागा राहावी म्हणून ते टोक मुद्दाम अकरा पावलं आखूड ठेवलं. पाहुण्यांचं समाधान होतं. मग ते खंदकापलीकडच्या त्या जुन्या घराचा फोटो काढतात आणि मोहरीचं सूप प्यायला जातात.

ते घर पहारेकऱ्याचं नव्हतं, रुल्फीनचं होतं. आणि ते टोक बोथट केलं वुब्बो मेंडरिंगने, पूर्ण शुद्धीत, सकाळी दहा वाजता.

वुब्बो खणकर होता. तोंडावर मी त्याला काका म्हणायचे, पण सांगताना वुब्बोच बरा. त्याचा बाप खणकर, आजा खणकर. पणजोबाची गोष्ट तर आमच्याकडे प्रत्येकाला पाठ आहे. सैन्य किल्ला सोडून गेलं, भोवतालची दलदल वाळली, शत्रूला यायला चहूबाजूंनी रस्ते झाले, तेव्हा सरकारने तट विकायला काढले. लोकांना जमीन हवीच होती. वुब्बोच्या पणजोबाने आठ माणसं घेऊन दोन हिवाळ्यांत तट उकरून खंदकात ढकलले आणि वर बटाटे लावले. शंभर वर्षांनी पणतूने तोच खंदक उपसून तोच तट उभा केला. "मेंडरिंगांना माती एका जागी बसलेली बघवत नाही," असं रुल्फीन म्हणायची.

वुब्बोला वाकडं काही खपत नसे. दोरी न लावता, नुसत्या नजरेने तो बटाट्याच्या सऱ्या ओढायचा, आणि त्या बघायला सरहद्दीपलीकडचे जर्मन शेतकरी रविवारी सायकलवरून यायचे. कुणाचं कुंपण कललेलं दिसलं की तो मान दुसरीकडे वळवून चालायचा. मोठा प्रेमळ माणूस होता असं मी म्हणणार नाही. तुसडा होता, कमी बोलायचा, आणि चर्चमध्ये पाद्रीबुवांच्या प्रवचनापेक्षा बाकांच्या रांगांकडे त्याचं जास्त लक्ष असायचं.

रुल्फीन त्याची पहिली शेजारीण. आमच्याकडे शेजारधर्म म्हणजे वाटीभर साखर देणं नव्हे. ज्याचं मागचं दार तुमच्या मागच्या दाराला सगळ्यात जवळ, तो तुमचा पहिला शेजार. तो तुम्हाला आवडतो का, हे कुणी विचारत नाही. गाय अडली, धुराडं पेटलं, मूल यायला लागलं की पहिली हाक त्याला. घरात माणूस गेलं की घरच्यांनी फक्त बसायचं. मयताला अंघोळ घालण्यापासून गावभर निरोप देण्यापर्यंत सगळं पहिल्या शेजाऱ्याने करायचं. निरोपाचीही रीत आहे. मागच्या दाराशी उभं राहून सांगायचं, आत जायचं नाही, कॉफी घ्यायची नाही. आणि ऐकणाऱ्याने निरोप शब्दन्‌शब्द परत म्हणून दाखवायचा. एक शब्द चुकला तर पुन्हा. दलदलीच्या काळात म्हणे एकदा चुकीचा निरोप पोचला आणि लोक काळे कपडे घालून जिवंत माणसाच्या दारात जाऊन उभे राहिले. तेव्हापासून गावाने कानाला खडा लावला.

रुल्फीनचा नवरा डेर्क. युद्धात जर्मनांनी त्याला मजुरीला पकडून नेलं. दोन वर्षांनी तो परत आला तो चालत. आल्या आल्या भिंतीतल्या कपाटासारख्या पलंगात शिरला, दार ओढून घेतलं आणि तीन दिवस झोपला. त्यानंतर अंगणातल्या विहिरीच्या पलीकडे काही तो जाईना. चुलीशेजारी खिडकीत बसायचा आणि बटाटे सोलायचा. डॉक्टर येऊन गेला, पाद्रीबुवा येऊन गेले. दोघांनाही त्याने सोललेले बटाटे दिले.

विहीर ओलांडून तो एकदाच आला. सत्तावन्नच्या मार्चमध्ये वुब्बोची बायको आल्टिन न्यूमोनियाने गेली. रुल्फीनने तिला अंघोळ घातली, केस विंचरले, गावभर निरोप दिला. शवपेटी उचलताना पायाची बाजू पहिल्या शेजारघरच्या पुरुषाने धरायची असते. डेर्कची कुणी वाटच बघितली नव्हती, त्याच्या जागी बेकरीवाला हार्म उभासुद्धा राहिला होता. तेवढ्यात डेर्क आला. पायात लाकडी बूट, अंगात लग्नातला कोट. त्याने हार्मला बाजूला सारलं आणि पेटी धरून गाडीपर्यंत नेली. गाडीपर्यंत पेटीच्या कड्या त्याच्या मुठीत वाजत राहिल्या. मग तो वळला आणि घरी गेला.  आमच्याकडे आभार मानायची पद्धत फारशी नाही.

दहा वर्षांनी किल्ला परत बांधायचं ठरलं. गावात काही उरलं नव्हतं तेव्हा. दुकान बंद, शाळेत अकरा मुलं, तरुण मंडळी कारखान्यांत गेलेली. पालिकेने सतराशे बेचाळीस सालचा नकाशा काढला आणि म्हटलं, असं होतं तसं करू, लोक बघायला येतील. जुन्या रेघेवर जी घरं आली होती ती पाडायची आणि त्या माणसांना बाहेर नवी घरं द्यायची. अशी एकोणीस घरं निघाली. घरं पडताना लोक ढसाढसा रडले, असं आता माहितीपटात सांगतात. मी तिथे होते. कुणी रडलं नाही. नव्या घरांत न्हाणीघर होतं, गरम पाण्याचा नळ होता. माझी आई तर सामान बांधून दोन आठवडे आधीच तयार होती.

यादीत रुल्फीनच्या घरापुढे प्रश्नचिन्ह होतं. पाचव्या टोकाचा खंदक तिच्या घरावरून जातो की अलीकडून, हे खणून बघून ठरायचं होतं. पालिकेचा कारकून तिच्याकडे गेला तेव्हा मी तिच्याकडची अंडी न्यायला गेले होते.

"बाई, नव्या घरात न्हाणीघर आहे. टाइल्ससुद्धा लावल्यात," तो म्हणाला.

"मला सांगतोस? मी आज निघते. इथे भिंत ओली, फडकं ओलं, उशी ओली. पण हा बघ, हा बसलाय. याला पलंगासकट उचलून नेतोस?"

"त्यांना जरा समजावून सांगा ना."

"बावीस वर्षं समजावतेय. आता तू समजाव. बस असा. बटाटा सोलता येतो का?"

कारकून बसला नाही. डॉक्टर मात्र वुब्बोकडे जाऊन स्पष्ट सांगून आला, कारण असल्या गोष्टी पहिल्या शेजाऱ्यालाच सांगायच्या असतात. "त्याला त्या घरातून काढलंत तर वेड्यांच्या इस्पितळाशिवाय दुसरी जागा नाही. आणि तिथे तो वर्ष काढायचा नाही." म्हणजे घर गेलं की डेर्क गेला. वुब्बोने ऐकून घेतलं आणि फावड्याला धार लावत बसला.

खणायच्या कामावर मुकादम वुब्बोच होता. दुसरं कोण असणार? इंजिनियर ओल्थोफ शहरातून आलेला, सज्जन माणूस. त्याचं एक वाक्य ठरलेलं होतं: "कागद सांगतो काय बांधायचं होतं, माती सांगते काय बांधलं." म्हणून नकाशापेक्षा चाचणीच्या खड्ड्यांवर त्याचा भरवसा. खड्ड्यात काळा चिखल लागला की तिथे खंदक होता. पिवळी वाळू लागली की तिथे कुणी कधी खणलंच नव्हतं. वुब्बोला तर बघावंही लागत नसे. दोन फुटांवरच त्याला जुन्या चिखलाचा वास यायचा. चार टोकांवर त्याने चाळीस खड्डे घेतले आणि एकदाही त्याचं नाक चुकलं नाही. ओल्थोफ शहरातल्या लोकांना आणून त्याचं नाक दाखवायचा.

पुढचं मला चौदा वर्षांनी कळलं, पण जिथे घडलं तिथेच सांगते.

त्या सकाळी वुब्बोने रुल्फीनच्या अंगणात, विहिरीपासून सहा पावलांवर खड्डा घेतला. दोन फुटांवर वास आला. तीन फुटांवर चिखल लागला, काळा, दाट, आणि त्यात एका जुन्या बुटाचा तळ. शंकेला जागाच नव्हती. खंदक सरळ रुल्फीनच्या स्वयंपाकघरातून जात होता. वुब्बोने वर पाहिलं. खिडकीत डेर्क होता. हातात अर्धा सोललेला बटाटा आणि नजर फावड्यावर.

तीस पावलांवरून ओल्थोफने हाक मारली, "मेंडरिंग, काय लागलं?"

"पिवळी वाळू!"

"नक्की?"

"नाक आहे ना मला!"

ओल्थोफच्या पायात शहरातले बूट, आणि अंगणात घोटाभर चिखल. तो तिथूनच वहीत लिहू लागला. एका खोट्याला दुसरं लागतंच. वुब्बोने बादलीभर काळा चिखल भरून घेतला, खड्डा बुजवला, अकरा पावलं आत जाऊन दुसरा खड्डा घेतला आणि तिथल्या स्वच्छ वाळूवर ती बादली ओतली. "खंदक इथे," म्हणाला. यावेळी ओल्थोफ आला, वाकून बघितलं, खूश झाला. वुब्बोने वहीत सही केली. रुल्फीनचं घर यादीतून निघालं.

मग पाच वर्षं त्याने किल्ला बांधला. गवताचे चौकोनी तुकडे कापायचे, गवताची बाजू बाहेर ठेवून विटांसारखे रचायचे, लाकडी खुंट्यांनी ठोकायचे. चार टोकं अशी उतरली की पाऊस पडला तरी पाणी कडेवरून सरळ ओघळायचं. पाचव्या टोकालाही त्याने तेवढीच मेहनत घेतली. ज्याला कललेलं कुंपण बघवत नव्हतं, त्याने चुकीच्या जागी ओळंबा लावून तट रचला. त्या दिवसांत तो घरी गेल्यावर जेवायचा नाही, असं रुल्फीन सांगायची. तिला वाटायचं, दात दुखतोय.

किल्ला तयार झाला, विमान आलं, पोस्टकार्ड छापून आलं. बेकरीत पहिला गठ्ठा फुटला तेव्हा सगळा गाव जमला होता. जमिनीवरून कुणाच्या कधी लक्षात आलं नव्हतं, कार्डावर मात्र आंधळ्यालाही दिसावं.

"अरे, हे पाचवं टोक कुणी चावलं?" हार्म म्हणाला.

"त्या दिवशी मुकादमाने जिन घेतली असेल."

"नाचता येईना अंगण वाकडं ऐकलं होतं. इथे खणता येईना, जमीन वाकडी!"

सगळे हसले. वुब्बो पावाच्या रांगेत उभा होता. त्याने पाव घेतला, एक कार्डही घेतलं आणि गेला. हार्मने त्याच दिवशी त्याचं नाव बोथट्या ठेवलं. आमच्या गावात नाव एकदा चिकटलं की मेल्यावरच सुटतं.

नावाने कुणाचं पोट दुखत नाही म्हणा. पण बाहेरच्या तटांचं काम निघालं तेव्हा पालिकेने यंत्रवाले परगावचे लोक आणले. वुब्बोकडे गवत कापायचं काम राहिलं. साठीच्या घरातला माणूस, चार जिल्ह्यांत ज्याच्या सरळ हाताचा दाखला द्यायचे, तो तटावर कोयता घेऊन फिरू लागला, आणि सहलीला आलेली शाळेची पोरंसुद्धा विचारायची, "ते बोथट टोक तुम्हीच केलं ना?"

"हो," तो म्हणायचा.

सगळ्यात मोठ्या आवाजात कोण हसायचं? रुल्फीन. कुंपणावर कपडे वाळत घालता घालता ती ओरडायची, "बोथट्या, तुझ्या त्या टोकामुळे माझं न्हाणीघर गेलं बरं का! सरळ खणलं असतंस तर आज मी गरम पाण्यात बसले असते!" वुब्बो आपलं गवत कापत राहायचा. त्या खड्ड्याच्या आठवड्यापासून दर शनिवारी मात्र ती एक पातेलं घेऊन त्याच्या मागच्या दाराशी यायची. पातेल्यात सोललेले बटाटे, एका मापाचे, एकही डोळा न राहिलेले.

"डेर्कने दिलेत. का, ते देव जाणे. मी म्हटलं, त्याला काय हात नाहीत? तर नुसतं पातेलं पुढे करतो."

असे चौदा वर्षांचे शनिवार.

एक्क्याऐंशीच्या शरदात डेर्क झोपेतच गेला, आपल्या पलंगात. वुब्बोने त्याला अंघोळ घातली, दाढी केली आणि दारोदार निरोप दिला. शवपेटीच्या पायाशी तोच होता. पुढच्या महिन्यात रुल्फीनने नव्या घरासाठी अर्ज केला आणि नाताळाच्या आधी राहायला गेली. पहिल्या दिवशी दोनदा आंघोळ केली, हे तिने मला स्वतः सांगितलं. मागे राहिलेलं घर संग्रहालयाने घेतलं आणि पहारेकऱ्याचं म्हणून दाखवायला लागलं.

जानेवारीत एका सकाळी वुब्बो कचेरीत आला. रविवारचा कोट घातला होता, टोपी हातात. मी खिडकीशी टंकलेखन करत होते. संचालक टिमरसाहेबांनी त्याला बसायला सांगितलं, तो बसला नाही.

"घर आता रिकामं आहे," तो म्हणाला. "मी अजून खणू शकतो. दोन उन्हाळे द्या, पाचवं टोक सरळ करून देतो. खंदक रुल्फीनच्या स्वयंपाकघरातून जातो."

आणि त्याने सगळं सांगितलं, वर मी सांगितलं तसंच, बुटाच्या तळासकट. इतकं सलग बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. माझे हात यंत्रावर थांबले.

टिमरसाहेब वाईट माणूस नव्हते. पण त्या बोथट टोकावर त्यांचा बारा पानांचा लेख नुकताच छापून आला होता. पहारेकऱ्याच्या घराचा शोध त्यांचाच. त्यांनी कपाटातून ओल्थोफची वही काढली.

"मेंडरिंग, इथे लिहिलंय 'पिवळी वाळू'. खाली सही तुमची. मी कोणत्या वेळी तुमच्यावर विश्वास ठेवू, तेव्हा की आता?"

"आयुष्यात दोनदा खोटं बोललो, साहेब. दोन्ही त्याच सकाळी. खड्डा घ्या की, तासाभराचं काम आहे."

"आता ती संरक्षित जागा आहे. राजधानीतून परवानगी आणावी लागेल. आणि कारण काय लिहू? म्हातारपणी माणसाला गोष्टी वेगळ्या आठवतात, मेंडरिंग. त्यात लाजण्यासारखं काही नाही."

वुब्बोने वहीतली आपली सही बघितली. "बरं," म्हणाला.

दारापाशी मीच त्याला गाठलं. "काका, पण कशासाठी केलंत तुम्ही?"

"डेर्क आला होता," तो म्हणाला. "आल्टिनच्या वेळी." टोपी घातली आणि गेला.

मला इतका राग आला की पुढचं पान मी तीनदा चुकवलं. टिमरसाहेबांचा, हार्मचा, आणि माझाही, कारण बोथट्या मीही म्हणायचे. वुब्बोने गप्प राहायला सांगितलं नव्हतं. संध्याकाळी चारला कचेरी सुटली तशी मी सायकल काढून रुल्फीनकडे गेले आणि सांगून टाकलं.

 ती उठली, टोपलीतून बटाटे घेतले, सोलले. घाईत, वेडेवाकडे. पातेल्यात टाकले आणि म्हणाली, "चल माझ्याबरोबर."

वुब्बो मागच्या दाराशी लाकडं फोडत होता. तिने पातेलं त्याच्या पुढ्यात आदळलं.

"तू वाळू म्हणालास?"

"म्हणालो."

"आणि मी तुला इतकी वर्षं बोथट्या म्हणतेय!"

"तू एकटी कुठे?"

"मला सांगायचं होतंस, मूर्खा!"

"तुला सांगितलं असतं तर दुपारपर्यंत गावाला कळलं असतं." वुब्बोने एक बटाटा उचलून बघितला. "डेर्क बरे सोलायचा."

ती रडायला लागली. मला वाटतं, डेर्कच्या मयतालाही ती इतकी रडली नव्हती. मग एप्रनने खसाखसा तोंड पुसलं आणि म्हणाली, "आत्ता जाते. हार्मच्या बेकरीपासून सुरू करते."

"नको."

"का नको?"

"लोक विचारणार, कुणासाठी. मग डेर्कचा पलंग बघायला येतील. येतात तसे आताही, पण पहारेकऱ्याचा म्हणून येतात. ते बरं आहे. वेड्याचा म्हणून नको." त्याने कुऱ्हाड लाकडात रुतवली. "मी असेपर्यंत नको."

"आणि तू नसलास की?"

"मग मला काय ऐकू येणार आहे?"

रुल्फीनने शब्द पाळला. उचलली जीभ लावली टाळ्याला अशी बाई, पण बारा वर्षं ओठ आवळून बसली. फक्त तिने त्याला बोथट्या म्हणणं सोडलं. लोकांना वाटलं, आता वयाने मऊ पडली. शनिवारचं पातेलंही चालू राहिलं, नव्या घरापासून पाऊण मैल सायकलच्या हँडलला अडकवून. बटाटे शेवटपर्यंत वेडेवाकडेच होते.

चौऱ्याण्णवच्या फेब्रुवारीत एका सकाळी वुब्बोच्या धुराड्यातून धूर आला नाही. मी जाऊन बघितलं. तो खुर्चीत होता, बूट घातलेले, टेबलावर ते जुनं पोस्टकार्ड. पाचव्या टोकाला पेन्सिलीने दोन रेघा ओढून त्याने ते पुरं केलं होतं. पट्टी न लावता ओढलेल्या त्या रेघा अगदी सरळ होत्या.

आता पहिला शेजार कोण? रीतीप्रमाणे मागचं दार सगळ्यात जवळ ते रुल्फीनच्या जुन्या घराचं, म्हणजे आता संग्रहालयाचं. म्हणून मी टिमरसाहेबांना फोन केला. "मी?" ते म्हणाले. "मला काय करायचं असतं?" मी सांगेपर्यंत रुल्फीन दारात हजर. बातमी तिला कशी लागली, कोण जाणे.

"फोन ठेव," ती म्हणाली. "घर बदललं म्हणून शेजार बदलत नाही."

तिने त्याला अंघोळ घातली, रविवारचा कोट चढवला. ऐंशी वर्षांची बाई, मला फक्त पाणी तापवू दिलं. मग डोक्याला काळा रुमाल बांधून निघाली. मी तिचा दंड धरला. गावात एक्केचाळीस मागची दारं आहेत. पहिलं तिने बेकरीचं निवडलं.

हार्मही आता म्हातारा झालेला. दार उघडून उभा राहिला.

"वुब्बो मेंडरिंग आज सकाळी गेला," रुल्फीन म्हणाली. "चिखल काळा होता."

"अरेरे. वुब्बो मेंडरिंग आज सकाळी... कसला चिखल?"

"माझ्या अंगणातला. त्याला वास आला होता, डोळ्यांनी बघितलाही होता. डेर्कला घर सोडावं लागू नये म्हणून वाळू म्हणाला. आता नीट म्हण."

 हिशेब जुळायला हार्मला थोडा वेळ लागला. मग त्याने डोक्यावरची पिठाने पांढरी झालेली टोपी काढली.

"वुब्बो मेंडरिंग आज सकाळी गेला. चिखल काळा होता."

"बरोबर."

ती पुढच्या दाराकडे वळली. प्रत्येक दारी तीच दोन वाक्यं, आणि प्रत्येक दारी तेच परत ऐकायचं. दहाव्या घरापर्यंत आमच्या आधी बातमीच पोचायला लागली. लोक मागची दारं उघडून आधीच बाहेर उभे असायचे, टोप्या हातात घेऊन. कुणी काही विचारलं नाही. बोथट्या म्हणणारी तोंडं एकामागून एक तिच्यासमोर ते म्हणत गेली, आणि मीही माझ्या दारात उभी राहून म्हटलं.

शेवटचं दार टिमरसाहेबांचं. ते निवृत्तीला आले होते, आणि किल्ल्याच्या माहितीपुस्तकाची सातवी आवृत्ती त्याच महिन्यात छापायला गेली होती. त्यांनी निरोप ऐकला, मान खाली घातली.

"वुब्बो मेंडरिंग आज सकाळी गेला," ते म्हणाले. "फार वाईट झालं."

"पुढचं?"

"बाई, ते... पुस्तकात आपण..."

"पुस्तक नाही विचारत मी, पाहुण्यांसाठी तिथे पहारेकरीच राहू दे. निरोप दिलाय. एक शब्द कमी पडला तर मला पुन्हा सांगावा लागतो, आणि मी सकाळपासून उभी आहे."

टिमरसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचा लेख मीच टंकित केला होता. मी नजर हलवली नाही. बागेत पातळ बर्फ होतं आणि रुल्फीनने माझ्या हातावर सगळा भार टाकला होता, पण कॉफीला आत या, असं ते म्हणू शकत नव्हते. तशी रीत नाही.

"वुब्बो मेंडरिंग आज सकाळी गेला," ते शेवटी म्हणाले. "चिखल काळा होता."

"बरोबर," रुल्फीन म्हणाली, आणि मग तिने मला कुठेतरी बसायला घेऊन जायला सांगितलं.